दोन कळांमधला वेळ

पोतनीसांनी प्रोग्राम सुरू केला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. आठ माणसांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी त्यांच्या जुन्या संगणकाला चावून चावून गिळायच्या होत्या. पंख्याचा आवाज वाढला, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे खोक्यावर हात ठेवून ते किती तापलंय ते पाहिलं. दमलेल्या जनावराला पुन्हा जुंपल्यासारखं वाटून त्यांना जरा ओशाळायलाही झालं.

उल्हास पोतनीस हे कऱ्हाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, विचारायचं राहून गेलं एवढंच. संगणकाचा नाद मात्र तिसाव्या वर्षी लागला तो सुटला नाही. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट कर्र कर्र करत घरात यायचं त्या काळात गावातल्या आठ नादिष्टांनी मिळून संगणक मंडळ काढलं होतं. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचं, बिघडलेली यंत्रं उघडायची, फुकटची सॉफ्टवेअर एकमेकांना द्यायची आणि मोठमोठ्या कंपन्यांना नावं ठेवायची, एवढंच त्याचं कार्य. पुढे जगाने टेबलावरचा संगणक सोडून दिला. लोक भिंतीशी, चष्म्याशी, मनगटाशी बोलू लागले. मंडळाची माणसं तेवढी टाइप करत राहिली.

ती माणसं जो कळफलक वापरत तो पोतनीसांनी स्वतः आखलेला होता. कोणतं अक्षर कोणत्या बोटाखाली असावं याचा त्यांना ध्यास होता. त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कुणी काय लिहिलं ते तो ठेवत नसे. एका कळेनंतर दुसरी दाबायला किती वेळ लागला, तेवढं मोजत असे. आठवड्यातून एकदा आठही जणांच्या नोंदी पोतनीसांकडे येत. सगळ्यांनी त्याला आनंदाने होकार दिला होता. दोन कळांमधल्या वेळात लपवण्यासारखं असतं काय?

असतं, असं त्या वर्षी जगाला कळलं.

आपण टाइप करतो तेव्हा शब्दाच्या आतली अक्षरं सवयीने पडत जातात. तो वेळ बोटांचा. पण नवा शब्द सुरू करण्याआधी सेकंदाच्या लहानशा अंशाइतकं थांबावं लागतं. तो वेळ डोक्याचा. डोकं त्या अंशात शब्द शोधत असतं. विस्मरणाचा आजार मेंदूत शिरला की सर्वांत आधी हा शोध लांबतो, आणि तोही इतका थोडा की बोलण्यात तो ऐकणाऱ्याला कळत नाही आणि बोलणाऱ्याला तर मुळीच नाही. पण लाखो शब्दांची बेरीज मांडली की धरणातलं पाणी बोटभर उतरावं तशी ती घसरण दिसू लागते. पहिलं लक्षण दिसण्याच्या सहा-सात वर्षं आधी. आजार लांबवणारी औषधं निघाली होती, थांबवणारं अजून निघालं नव्हतं.

बड्या ऑनलाइन कंपन्यांना हे आधीपासून ठाऊक असणार अशी कुजबुज होती. न विचारता कुणाला सांगायचं नाही, असा कायदा घाईघाईने झाला. त्यामुळे लोक आपल्याला जाहिराती कसल्या येतात ते चोरून पाहू लागले. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली की जीव भांड्यात पडे. वृद्धाश्रमाची आली की घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नसे. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडचे पत्रिकेबरोबर मुलीच्या आईबापांच्या टायपिंगचा नमुना मागू लागले. आणि ज्या संशोधकांनी हा शोध लावला त्यांनी, लोकांचं लोकांना कळावं म्हणून, तपासणीचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला करून टाकला.

पोतनीसांनी तो उतरवून घेतला तो स्वतःसाठी. अलीकडे त्यांना पुस्तकांची नावं आठवेनाशी झाली होती. पण नोंदी आठ जणांच्या एकत्र होत्या, वेगळ्या करायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी सगळ्याच चालवल्या. पुढे ते स्वतःला पुष्कळदा विचारत, की खरंच कंटाळाच आला होता ना?

दुपारी कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि पडद्यावर आठ ओळी उमटल्या. शून्य म्हणजे निर्धास्त, एक म्हणजे आजार नक्की. पोतनीस स्वतः दहा शतांश. बाकीचे सहा जण त्याच्याच आसपास. चौथी ओळ वेगळी होती.

जयवंत माईणकर. एक्क्याण्णव शतांश.

तिसरी, चौथी, पाचवी शिट्टी झाली. भात करपला.

जयवंत माईणकर हा त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता, अकरा धरणांवर राहून आला होता. निवृत्तीनंतर कृष्णेच्या पुरांचा इतिहास लिहायला बसला होता. हजार पानं झाली होती आणि अजून तो मागच्या शतकातच होता. मंडळात सर्वांत जास्त टायपिंग त्याचं. तीन वर्षांपूर्वी मंडळाने त्याला शाल आणि नारळ देऊन त्याचा सत्कारही केला होता, तेव्हा बोटं पुढे करून तो म्हणाला होता, "झिजली बघा!" दर रविवारी पोतनीस दुपारी त्याच्याकडे जेवत. आठवड्यातलं तेवढं एक जेवण ते माणसांत बसून करत.

पोतनीसांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आपल्या मोजणीत चूक असेल, जयवंतचा कळफलक जुना झाला असेल, घड्याळ मागे पडत असेल. तीन आठवडे त्यांनी एकेक शक्यता तपासली. चौदा महिन्यांपूर्वी शब्दांआधीचे थांबे वाढायला लागले होते आणि वाढतच होते. घड्याळ बरोबर होतं. कळफलक बदलल्यावरही आकडा हलला नव्हता. एकच प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो त्यांना सुचलाच नाही.

त्यानंतरच्या रविवारी जेवताना त्यांना जयवंतच्या प्रत्येक वाक्यात आजार दिसू लागला.

"अरे, तो आपला हा... कोयनेवरचा ओव्हरसियर, बापट," जयवंत सांगत होता, "पुराच्या पाण्यात सायकल डोक्यावर घेऊन—"

"बापट नव्हे हो, परचुरे," शैलजावहिनी आमटी वाढता वाढता म्हणाल्या. "आणि सायकल नव्हती, शिवणयंत्र होतं. बायकोचं."

"बघ उल्ह्या, माझी गोष्ट, आणि दुरुस्त्या हिच्या!"

"गोष्ट तुमची, पण शंभरदा ऐकली मी ना! भावोजी, तुम्ही काहीच घेत नाही. बरं नाही का?"

"नाही, तसं काही नाही," पोतनीस म्हणाले आणि पानातल्या भातावर भात घेऊन बसले.

सांगावं की सांगू नये? सांगितलं तर हे घर पूर्वीसारखं राहणार नाही. न सांगितलं तर औषधाचे दिवस वाया जातील, आणि ते वाया घालवणारे आपण. पोतनीसांनी आयुष्यात मोठा निर्णय असा घेतलाच नव्हता. शेवटी बुधवारी सकाळी नदीकाठी फिरताना त्यांनी सांगितलं, तेही इतकं अडखळत, की जयवंतला आधी वाटलं, पोतनीसांनाच काही झालंय.

"लेका, नीट सांग. कोण आजारी आहे?"

"तू," पोतनीस म्हणाले.

जयवंत हसला. मग त्याने आकडा विचारला, किती नोंदींवरून काढला ते विचारलं, तपासलास का विचारलं. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेला माणूस तो. कठड्यावर बसून तो बराच वेळ दोन नद्यांचं पाणी एकत्र मिळताना पाहत राहिला.

"किती वर्षं?"

"पाच. कदाचित सात."

"पुरे. पूर यायच्या आधी गाव हलवायला एवढा वेळ कुणाला मिळतो?" तो उठला. "शैलीला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. शपथ घे."

पोतनीसांनी मान हलवली. डॉक्टरकडे जाऊन नक्की करून घे, असं ते म्हणाले, पण जयवंतने हात झटकला. डॉक्टरकडे गेलं की शैलीला कळणार. आधी व्यवस्था, मग डॉक्टर.

व्यवस्था म्हणजे 'सांगाती' नावाची एक ऑनलाइन सेवा होती. या नव्या शोधानंतर अशा सेवा बऱ्याच निघाल्या होत्या. डोकं ठिकाणावर आहे तोवर माणसाने आपली सही, घर, औषधपाणी, सगळ्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती द्यायचा. एकदा दिला की परत मागता येत नाही, कारण आजार वाढल्यावर प्रत्येक जण तो परत मागतोच, आणि भांडून मागतो. ज्याच्या हाती अधिकार गेला त्यानेच आपण होऊन परत केला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही त्याला एकदा होकार द्यावा लागतो आणि तीस दिवसांनी पुन्हा एकदा.

पोतनीसांनीच जयवंतला तो अर्ज भरून दिला, अधिकार शैलजावहिनींच्या हाती देणारा. "वय झालं, म्हणून," असं सांगून जयवंतने वहिनींची संमती घेतली. पुढे पाच आठवडे तो हात धुऊन पुस्तकाच्या मागे लागला. पोतनीसांकडे येणाऱ्या नोंदी दुप्पट झाल्या. आकडा त्र्याण्णव झाला.

एका मंगळवारी पोतनीस त्याच्यासाठी नवा कळफलक घेऊन निघाले. रविवारखेरीज ते त्या घरी कधी गेले नव्हते. न बोलावता जायचा त्यांना संकोच वाटे. दार उघडं होतं. आतून जयवंतचा आवाज येत होता.

"...सांडव्यावरून वाहणारं पाणी त्या दिवशी, स्वल्पविराम, दुपारी दोन वाजता... अं... मोजण्यात आलं. पूर्णविराम."

जयवंत आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. संगणकापुढे शैलजावहिनी बसल्या होत्या. त्या कळफलकाकडे पाहतसुद्धा नव्हत्या. त्यांची बोटं जयवंतच्या शेवटच्या शब्दाबरोबरच थांबत आणि पुढच्या शब्दाबरोबर सुटत.

"अगंबाई, भावोजी! आज मंगळवार ना?"

"वहिनी, तुम्ही... तुम्ही टाइप करता?"

"मग काय हे करणार? हे बोलतात, मी बडवते. पंधरा वर्षं झाली." त्या हसल्या. "तुमच्या मंडळाची ती शाल मीच पांघरते. म्हटलं, जिची तिच्याकडे असू दे."

जयवंत डोळे उघडून बसला होता. तो हसत नव्हता.

फाटकापाशी त्याने पोतनीसांना गाठलं. "अरे, सत्काराच्या दिवशी कसं सांगायचं? सगळे टाळ्या वाजवत होते. आणि नंतर... नंतर ते तसंच राहून गेलं."

"जयवंता, त्या नोंदी बोटांच्या आहेत," पोतनीस म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "त्या तुझ्या नाहीत."

जयवंतला समजायला एक क्षण लागला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पोतनीसांनी पाहिलं. तो आनंद होता. फाशी टळलेल्या माणसाचा निखळ, उघडा आनंद. पापणी लवेपर्यंतच तो टिकला असेल. मग घरातून वहिनींचा आवाज आला, "चहा टाकू का हो?", आणि जयवंतने फाटक दोन्ही हातांनी धरलं.

पोतनीसांनी तो आनंद पाहिला हे जयवंतनेही पाहिलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्याशी बोलताना त्यांच्या खांद्याकडे पाहून बोलू लागला.

आता ज्यांच्या हाती अधिकार दिला होता त्याच आजारी होत्या. अधिकार परत घ्यायला हवा होता, आणि तो वहिनींखेरीज कुणी देऊ शकत नव्हतं. "काहीतरी तांत्रिक चूक झालीय म्हणून सांग," जयवंत म्हणाला. "संगणकातलं तू सांगितलंस की तिला पटतं."

रविवारी जेवणाआधी पोतनीस वहिनींच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. जयवंत मुद्दाम बागेत गेला. पडद्यावर अर्ज उघडा होता.

"भावोजी, हे परत कशासाठी?"

"ते... त्यांच्या सर्व्हरवर... म्हणजे एक रकाना चुकीचा..."

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पोतनीसांना खोटं बोलायची सवय नव्हती. कपाळावर घाम आला होता.

"महिनाभर हे माझ्याशी फार गोड बोलत होते," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यांनाच काहीतरी झालंय आणि लपवताहेत. मंगळवारपासून आणखीच गोड बोलायला लागलेत, पण माझ्याकडे बघत नाहीत. पेपर मीही वाचते, भावोजी. टायपिंगचं आहे ना हे? माझ्या?"

 पोतनीसांनी मान खाली घातली.

"तुमच्या त्या यादीत नाव कुणाचं आहे?"

"जयवंतचं."

"बघा. पंधरा वर्षं बडवते मी आणि नाव त्यांचं. निदान दुखणं तरी माझ्या नावावर घाला." हे त्या हसून म्हणाल्या, पण बोटं पदरात गुंडाळून घेतली होती, जणू ती कुणी काढून नेणार होतं. थोड्या वेळाने त्यांनी एक हात बाहेर काढला आणि पहिला होकार दिला. "दुसरा तीस दिवसांनी ना? आठवण करा. आता माझा काही भरवसा नाही."

जयवंत आत आला तेव्हा तो रडला. वहिनी म्हणाल्या, "आधी पानं घ्या. आमटी निवतेय."

त्यानंतर जयवंतने पुस्तक थांबवलं. तिला त्रास नको. तो सकाळी उठून चहा करू लागला. डॉक्टरांकडची वेळ त्याने घेतली, ती दोन महिन्यांनंतरची मिळाली. या आजाराच्या धास्तीने सगळीकडे रांगा होत्या. आणि तो घरात पट्ट्या लावू लागला. खात्यात असताना नकाशांवर जे अक्षर काढायचा त्याच घोटीव अक्षरात, जाड कागदाच्या पट्ट्यांवर: 'साखर'. 'पाण्याची मोटर – टाकी भरताच बंद करावी'. 'केतकीचा फोन – रविवार, सकाळी अकरा'. केतकी ही त्यांची मुलगी, बंगळुरास असे. तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

वहिनींच्या सकाळी मोकळ्या झाल्या. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून त्या स्वतःचं काहीतरी लिहू लागल्या. अकरा धरणांवरच्या वसाहती, पत्र्याची घरं, शेजारणी, बाळंतपणं. पहिल्यांदाच त्या कळफलकावर त्या स्वतःच्या मनातलं लिहीत होत्या. नोंदी पोतनीसांकडे येतच राहिल्या. त्यांनी त्या उघडल्या नाहीत. तीन आठवडे उलटल्यावर, दुसऱ्या होकाराची तारीख जवळ आली तेव्हा, आजार किती पुढे गेलाय ते पाहावं म्हणून त्यांनी मनावर दगड ठेवून प्रोग्राम चालवला.

सात शतांश.

त्यांनी पुन्हा चालवला. सात. यंत्र बंद करून, चालू करून पाहिलं. सातच. वहिनींचं डोकं त्यांच्या स्वतःच्या डोक्यापेक्षाही निर्धास्त होतं.

तेव्हा कुठे त्यांनी जुन्या नोंदी फोडल्या. शब्दांच्या आतला वेळ एकीकडे, शब्दांआधीचा दुसरीकडे. शब्दांच्या आत पंधरा वर्षं वहिनींची बोटं घड्याळासारखी एका लयीत चालली होती. लांबले होते ते फक्त शब्दांआधीचे थांबे. त्या थांब्यांत वहिनी काय करत होत्या? काही नाही. पुढच्या शब्दाची वाट पाहत होत्या. शब्द शोधत होता तो आरामखुर्चीतला माणूस.

शोध लावणाऱ्यांनी हात आणि डोकं एकाच माणसाचं असतं असं धरलं होतं. त्यांना कऱ्हाडातलं एक घर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पोतनीसांना मात्र ठाऊक होतं. फाटकापाशी उभं राहून "त्या तुझ्या नाहीत" असं ते बोलून गेले, तेव्हा पंधरा मिनिटं विचार केला असता तर हे तिथेच कळलं असतं. आयुष्यभर शंका घेणाऱ्या माणसाने नेमकी त्याच वेळी शंका घेतली नव्हती.

कुणाला सांगायचं, याचा विचार त्यांनी दोन दिवस केला. गुरुवारी दहाच्या सुमारास जयवंत मंडईत जातो हे त्यांना माहीत होतं. तेव्हा ते गेले.

वहिनी शेंगा निवडत होत्या. पोतनीसांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"नक्की?"

"मी दोनदा नक्की म्हणालोय, वहिनी. माझं काय धरता?"

"आता तिसऱ्यांदा म्हणा."

"नक्की," पोतनीस म्हणाले.

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती दर वेळी थोडी गुरगुरून बंद पडत होती. वहिनींनी डोळे पुसले नाहीत, कारण पाणी आलंच नव्हतं. त्या भिंतीवरच्या पट्ट्यांकडे पाहत होत्या.

"येत्या मंगळवारी तो दुसरा होकार द्यायचा होता," त्या म्हणाल्या. "तो मी देणार नाही. सही माझ्याकडेच राहू दे."

"आणि जयवंतला?"

"त्यांना काय सांगायचं? आधी आजारी तुम्ही, मग मी, आता परत तुम्हीच? एकदा त्यांनी ते ऐकलं आणि पचवलं, माझ्यापासून लपवून. नंतर ते सुटले. सुटलेल्या माणसाला पुन्हा बांधायचं?" त्यांनी शेंग सोलली. "डॉक्टरांकडे दोघंही जाऊ. माझी सोबत म्हणून ते येतील, तिथे त्यांचंही तपासून घेऊ. औषध मी दुधातून देईन, शक्तीचं म्हणून. तोवर त्यांना वाटू दे की ते मला सांभाळताहेत. माणूस सांभाळत असला की ताठ चालतो, भावोजी. बघितलंत ना तुम्ही, कसे चालताहेत ते?"

"पण तुम्ही किती दिवस..."

"तुम्हाला जमेल का गप्प बसायला? तेवढं सांगा."

पोतनीस आयुष्यभर गप्पच बसत आले होते. पण हे गप्प बसणं निराळं होतं. रविवारी रविवारी या घरात जेवायचं, जयवंतच्या डोळ्यांना डोळे द्यायचे, आणि तो वहिनींची काळजी बोलून दाखवील तेव्हा मान हलवायची. त्यांनी "जमेल" म्हटलं. जमेल की नाही ते त्यांना माहीत नव्हतं.

फाटक वाजलं. जयवंत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ चालत आला.

"उल्ह्या? आज गुरुवारी? काय रे, परत काय निघालं तुझ्या यंत्रातून?"

"काही नाही," पोतनीस म्हणाले. "सहज आलो."

"बस. चहा करतो. शैली, तू उठू नकोस." पिशव्या ठेवून त्याने खिशातून एक नवी पट्टी काढली. 'गॅस बंद केला का?' असं तिच्यावर लिहिलं होतं. प्रश्नचिन्हसुद्धा मोजून काढलेलं. लहान मुलाशी बोलावं तसा तो वहिनींशी सावकाश बोलला, "ही बघ. भांडं उतरवलं की आधी हे वाचायचं. कळलं?"

"कळलं."

"उल्ह्या, ते दे रे जरा. ते... टेबलावरचं... ते हे..."

 वहिनी एरवी दुरुस्ती करत असत, पण आज थांबल्या. पोतनीसांनी मोजायचं नाही असं ठरवूनही ते मोजत होते.

"चिकटपट्टी," जयवंत म्हणाला आणि स्वतःशीच हसला. "हिच्या नादाने मलाही आठवेनासं होतंय बघ."

त्याने शेगडीच्या मागच्या फरशीवर पट्टी धरली. वहिनी त्याच्या खांद्याला लागत. त्यांना दिसावी म्हणून तो जरा वाकला होता.

"इथं लावू? तुला नीट दिसेल?"

"वर घ्या थोडी."

त्याने पट्टी वर सरकवली.

"अजून."

"अगं, तिथं तुला मान वर करावी लागेल."

"करीन मी," वहिनी म्हणाल्या. "अजून थोडी वर."

जयवंत सरळ उभा राहिला आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर त्याने ती पट्टी अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.